पावणेतीनचा डिफरन्शियल

शहागंजच्या मागच्या गल्लीत कमरोद्दीनभाईंचं गॅरेज आहे. शिक्षण चौथी, वय सत्तरीच्या अलीकडे, काम फक्त जुन्या गाड्यांचं. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतःसाठी गाडी घेतली नाही. घरी सायकलीने जातात. मी गणिताचा निवृत्त मास्तर, एकतीस वर्षं पोरांना गुणोत्तर शिकवलेलं. त्यामुळे आमच्यात कोण कुणाला शिकवणार, याबद्दल मला शंका नव्हती.

माझी जीप तीस वर्षांची. मागून सतत कुईं असा आवाज यायचा. डिफरन्शियल, मागची दोन्ही चाकं फिरवणारा दातेरी चक्रांचा डबा, बदलायचा तर त्याचा रेशो कळायला हवा, म्हणजे चाकाचा एक फेरा होताना इंजिनाकडून येणारा दांडा किती फेरे घेतो ते. गारखेड्यात घरासमोर मी एक मागचं चाक जॅकवर उचललं, खडूने खुणा केल्या आणि चाक एकदा फिरवलं. दांडा फिरला पावणेतीन. तीनदा करून पाहिलं, वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. मग तो आकडा घेऊन दोन दिवस शहागंज पालथं घातलं. पावणेतीनचा माल कुणाकडेच नव्हता. दुकानदारांच्या अज्ञानाची मला कीव आली.

शेवटी एकाने कंटाळून कमरोद्दीनभाईंकडे पाठवलं. त्यांनी वही पाहिली आणि चष्मा कपाळावर सारला.

"सर, दुसरं चाक जमिनीवर व्हतं का?"

"होतं."

"मग अर्धाच हिसाब झाला. एकच चाक फिरलं तर आकडा डबल करायचा. साडेपाचच्या आसपास. मोठ्या चक्राला त्रेचाळीस दात, लहानाला आठ, असा त्रेचाळीस-आठचा सेट हाय हा."

एवढं बोलून त्यांनी चहा मागवला. ते हसले नाहीत, हे उपकार मी विसरणार नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांची मात्र मला तेव्हा फार काळजी वाटली.

मी लगेच बाजू सावरली. त्रेचाळीस-आठ मला नकोच होता, एकोणचाळीस-आठ हवा होता. त्यात ओढ कमी, पण वेग जास्त.

सेट ठरवण्याआधी कमरोद्दीनभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतात, "गाडीत कोण कोण बसतं?" वेग सगळेच वाढवून सांगतात, माणसं कुणी वाढवून सांगत नाही, असा त्यांचा अनुभव. तो मी मोडला.

"मी, बायको, मुलगी, जावई. दर पंधरा दिवसांनी देवगाव रंगारीला, भावाकडे."

त्यांनी दारात उभ्या माझ्या जीपमध्ये, ड्रायव्हरशेजारच्या सीटकडे बघितलं. तिच्यावर पाने-पकडी, जुनी वर्तमानपत्रं आणि बोटभर धूळ होती.

"हितं लई दिवसांत कुणी बसलेलं नाय, सर."

मग मी खरं सांगून टाकलं. माझी मुलगी मोनिका दीड वर्ष जीपमध्ये बसलेली नाही. एकाच दिवशी, एकाच गावाला आम्ही दोन गाड्यांनी जातो. बायकोही मुलगी-जावयाच्याच गाडीत बसते. दौलताबादच्या पुढे ती सगळी हात करून निघून जातात आणि मी एकटा मागे राहतो. फार वाईट वाटतं. वेग वाढला तर मोनिका येईल, असा माझा हिशोब होता.

"पोरगी म्हणली, वेग पाहिजे म्हणून?"

"नाही."

"तुम्ही इचारलं?"

"नाही."

"मग फोन लावा. तोवर मी सेट काढत नाय."

मी फोन लावला. जीप जोरात पळायला लागली तर माझ्यासोबत येशील का, असं विचारलं.

"वेगाचं काही नाही, पप्पा. तुमच्या गाडीत बोलता येत नाही. तोंड उघडलं की तुम्ही हात वर करता, 'थांब, आवाज ऐकू दे.' दीड वर्षापूर्वी माझी नोकरी गेली तेव्हा पडेगावपासून वेरूळपर्यंत मी तुम्हाला तेच सांगत होते."

तिची नोकरी गेल्याचं मला आत्ता, गॅरेजमध्ये उभ्या उभ्या कळत होतं. येत्या रविवारी जीपमध्येच बस, एवढंच मला बोलता आलं. ती बरं म्हणाली.

कमरोद्दीनभाई दोन्ही सेट समोर ठेवून उभे होते. "कंचा बसवू?"

"जो हळू नेईल तो," मी म्हणालो. "मला वेळ लागणार आहे."