पीच रंगानं थंडी जात नाही

“म्हणजे भिंतीच्या रंगाचा काहीच संबंध नाही?”

खामगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट पाहिला, हायपोथायरॉइडिझम आहे म्हणाल्या, आणि त्यावर माझ्या नवऱ्याचा हा पहिला प्रश्न. बायको बरी होईल का, हे नाही. रंग! अंगात ताकद असती तर मी तिथूनच उठून निघून गेले असते.

हायपोथायरॉइडिझम म्हणजे गळ्यातली थायरॉइड नावाची ग्रंथी कामचुकार होते. तिचा रस कमी पडला की सगळं शरीर मंद चालतं. नाडी मंद, पोट मंद, डोकं मंद. केस गळतात, तोंड सुजतं, आवाज घोगरा होतो, आणि थंडी अजिबात सोसत नाही. टीएसएच नावाची रक्ताची तपासणी केली की कळतं. इतकं साधं! आणि एवढ्यासाठी मी दिवाळीपासून होळीपर्यंत कुडकुडले.

आमचं नांदुऱ्यात रंगाचं दुकान आहे. दुकान खाली, घर वर. आमचे हे दिवसभर गिऱ्हाइकांना शेड कार्ड दाखवत बसतात. हा ठंडा शेड, हा गरम शेड. इकडचं ऊन तर ठाऊकच आहे, म्हणून जो तो ठंडा शेड मागतो. दिवाळीत यांनी आमची झोपायची खोलीही आसमानी करून घेतली. जो आला तो म्हणाला, “वा, एसीत आल्यावानी वाटते!” मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्याच सुमारास मला थंडी वाजायला लागली. आधी पायांना, मग पाठीत, मग हाडांत. दोन गोधड्या घेऊनही दात वाजायचे. जिना चढला की धाप लागायची. मी यांना सांगितलं तर म्हणाले, “रंगच ठंडा हाये, थंडी वाजनच.” सासूबाई म्हणाल्या, “नखरे हायेत. आमाले काऊन नाही वाजत?”

संक्रांत झाली. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. यांनी पेंटर बोलावला.

हो, पेंटर! बायको आजारी आणि हा माणूस शेड कार्ड घेऊन पलंगापाशी उभा. “पीच देऊ. गरम शेड हाये. पाह्यजो, थंडी कुठच्या कुठं पयते.” सामान हलवलं, घरभर रंगाचा वास, आणि मी त्या वासात ओकाऱ्या काढत स्वयंपाक केला.

आता गंमत ऐका. पीच लागल्यावर येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “आता कसं उबदार वाटते!” खिडकी तीच, छत तेच, हवा तीच. तरी सगळ्यांना ऊब वाटायची, यांना तर जास्तच. एकटी मी स्वेटर घालून बसलेली. मग सगळे माझ्याकडे असे पाहायचे, जणू मीच खोटारडी.

एका दुपारी मी डोळ्यांवर पदर ओढून पडले. म्हटलं, आता निळा नाही अन् पीच नाही, काळोख आहे. थंडी तेवढीच होती. यांना तसं सांगितलं तर म्हणाले, “तुह्या मनातून निळा जाऊन नाही राह्यला.” त्या दिवशी मी रडले. त्या रडण्यात दुःख कमी आणि संताप जास्त होता.

होळीला माझी बहीण वरवट बकालहून आली. दारातच थांबली. “काऊन सुजलं व तोंड तुयं? आवाज काऊन असा?” तिनं कोणाला विचारलं नाही. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मला खामगावच्या बसमध्ये घातलं. हेही आले, उपकार केल्यासारखे.

दवाखान्यात रक्त दिलं आणि रिपोर्टसाठी बाहेर बसलो. लोक फायलींनी वारा घेत होते. मी शाल गुंडाळून. हे भिंतीकडे पाहून म्हणाले, “इथंही निळाच हाये, म्हणून तुले...” बहिणीनं असं पाहिलं की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या प्रश्नाला शांतपणे उत्तर दिलं. “रंगानं खोली थंड किंवा गरम वाटू शकते. पण भिंतीकडे पाहून कोणाची नाडी मंद होत नाही. अजून थांबला असता तर यांना बेशुद्ध आणावं लागलं असतं.” बहिणीनं माझा हात घट्ट धरला. नवरा माझ्याकडे पाहायला तयार नव्हता.

गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची. महिनाभरानं जिना सहज चढता यायला लागला, तोंडाची सूज उतरली. चैत्रात एकदा पोळ्या लाटताना कपाळावर घाम आला. घाम! मी पुसलाच नाही, तसाच वाहू दिला. बहिणीला फोन केला आणि दोघी वेड्यासारख्या हसलो.

तुमच्या घरात कोणी भर उन्हात थंडी वाजते म्हणत असेल, तर तिचं खरं माना. भिंत, पंखा, नखरे, मन, सगळं बाजूला ठेवा. इतकंच सांगायला लिहितेय. पण मागच्या आठवड्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

यांचा डबा द्यायला मी खाली दुकानात गेले. एक गिऱ्हाईक उभं होतं. हे त्याला रंगात येऊन सांगत होते, “आमच्याच घरचं पाहा न भाऊ. पीच मारला अन् बायकोची थंडीच गेली!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणाचा डबा मी काउंटरवर आपटला.

“भाऊ, तुमच्या घरी कोणाले थंडी वाजते?”

तो बावरला. “मायले. लय दिवसापासून. अन् थकलीबी हाये.”

“मंग रंग राहू द्या. उद्या मायले दवाखान्यात न्या, रक्त तपासा.”

“कोनती तपासनी म्हनली वहिनी?”

“टीएसएच,” मी म्हटलं. त्याला नीट ऐकू आलं होतं, तरी मी पुन्हा एकदा म्हटलं. या वेळी नवऱ्याकडे पाहून.