बादलीत बुडवलेला चेंडू

माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी चेंडू बादलीत बुडवला.

खंडेनवमीची सकाळ होती. अकोल्यात, आमच्या बास्केटबॉल संघाच्या मालकांचा बंगला. पाटावर पूजेला मांडलेली शिट्टी, बूट, हवेचा पंप आणि मधोमध नवा चेंडू. अस्सल चामड्याचा. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्याच चेंडूनं उद्घाटनाचा सामना व्हायचा होता आणि सामना संपला की मंचावर माझ्या करारावर सही. मुलींना पगार देऊन खेळवणारी लीग आमच्याकडे पहिल्यांदाच निघाली होती. वलगावच्या एसटी कंडक्टरची पोरगी खेळावर पोट भरणार होती. मला दुसरं काही नको होतं.

आमच्या घरी असली पूजा होत नाही. आम्ही बौद्ध. संघाची रीत म्हणून मी गुमान उभी होते. पण चेंडू दिसला की माझा हात राहत नाही. हवा कमी वाटली म्हणून मी तो उचलला, अंगठ्यानं दाबून पाहिला, परत ठेवला.

मालकीणबाईंनी ते पाहिलं. कोचना हळूच विचारलं, "ही कोणाची?"

कोचनी माझं आडनाव सांगितलं.

मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बादली मागवली. पाण्यात गोमूत्र टाकलं. दोन्ही हातांनी चेंडू खाली दाबला. तो सारखा वर यायचा, त्या पुन्हा दाबायच्या.

बाकीच्या मुली पायाच्या नखांकडे बघत होत्या. चामड्याला पाणी लागलं की चेंडू मरतो, हे कोचना माहीत होतं. घामाचा हातसुद्धा पुसायला लावणारा माणूस. तोही गप्प. आणि मीही गप्प. त्या बादलीपेक्षा माझ्या गप्प बसण्याची लाज मला जास्त वाटते, आजही.

बाई, ते कातडं कुणी सोललं? कुणी कमावलं? त्यांचे हात कोणत्या बादलीत धुवाल?

हे सगळं मनातच राहिलं. कोच म्हणाले, "उद्यापर्यंत वाळेल. चालवून घे. एकदाची सही होऊ दे."

वाळला नाही.

दसऱ्याला मैदान गच्च भरलं होतं. मान म्हणून चेंडू माझ्याच हातात दिला. मी टपकवला. थप्प. गुडघ्यापर्यंतही आला नाही. त्याच्या खाचेत अजून कुंकू होतं.

मंचावरून मालक म्हणाले, "कर सुरू, बेटा."

मी चेंडू मैदानाच्या मधल्या गोलात ठेवला आणि शेवटच्या ओळीला ऐकू जाईल एवढ्यानं बोलले, "काल मी हात लावला म्हणून हा चेंडू धुतला. मी याच्यानं खेळणार नाही."

मालक खाली उतरले. हसू तसंच. फोटोवाले होते ना. माझ्या खांद्यावर हात ठेवून कानाशी म्हणाले, "तुझे बाबा दर्यापूरच्या गाडीवर असतात ना? शेवटची फेरी. सांभाळून जा म्हणा."

बाबांची गाडी कोणती, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

करार गेला. घरी आईनं कपाळाला हात लावला. "काहून बोलली वं तू? मले भेव लागून राह्यलं."

बाबांनी कंडक्टरची बॅग खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "भेव मलेही हाये. पन तू सकाळी धावाले जाशील का नाही, थे सांग."

मी जाते. वलगावच्या फाट्यावर दोन मोटरसायकली उभ्या असतात. पोरं बोलत नाहीत, नुसती बघतात. बाबांच्या शेवटच्या फेरीला एक माणूस रोज पुढच्या सीटवर बसतो. दर्यापूर आलं तरी उतरत नाही. परतीचं तिकीट काढून तसाच बसून राहतो.

पुढच्या हंगामाची निवड चाचणी अकोल्यातच आहे. त्याच मैदानावर. कोचनी निरोप धाडला, येऊ नकोस, बरं होणार नाही. मी फॉर्म भरला. आडनाव मोठ्या अक्षरात लिहिलं.

मी जाणार आहे. चेंडू समोर आला की आधी उचलणार, अंगठ्यानं दाबून बघणार, सगळ्यांच्या देखत. कुणी बादली आणली, तर ती लाथेनं उलथवीन आणि मग खेळेन.