खाटेशेजारची प्रार्थना

मंडळीत माझ्या प्रार्थनेचं कौतुक व्हायचं. नाशिक रोडच्या आमच्या चर्चमध्ये कुणाकडे आजारपण असो की नव्या घराचं समर्पण, पाळकसाहेब मलाच पुढे करायचे. डोळे मिटले की मला शब्द सुचत जायचे. अंबडच्या कारखान्यात दिवसभर लेथवर उभा राहणारा मी, तेवढी पाच मिनिटं कुणीतरी मोठा असायचो. ते मला आवडायचं.

मुलगी नववीत गेली त्या वर्षी बायकोचे डोळे पिवळे पडले. साधी कावीळ समजून आम्ही पंधरा दिवस झाडपाल्याचं औषध घेतलं. मग सोनोग्राफी झाली. पित्ताशयात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, खावंसं वाटेल ते द्या. याचा अर्थ दोघांनाही कळला. परतताना रिक्षात आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

पुढचे दोन महिने ती खाटेवरच होती. अंगाला इतकी खाज सुटायची की ती नखांनी कातडी फाडायची. मी ओल्या फडक्यानं पुसत बसायचो. पुसून होईपर्यंत पुन्हा सुरू. मुलगी शाळेतून आली की भात लावायची आणि आईच्या खोलीत शक्यतो यायची नाही.

एका रविवारी उपासनेनंतर मंडळी घरी आली. पाळकसाहेबांनी वचन वाचलं आणि मला प्रार्थना करायला सांगितली. मी केली. आजारातही तुझे उपकार मानतो, म्हणालो. तुझी इच्छा असेल ते आम्ही आनंदानं स्वीकारू, असंही म्हणालो. दोघीतिघी डोळे पुसत होत्या. चहा पिऊन सगळे गेले.

मी कप उचलत होतो, तेव्हा तिनं विचारलं, "अहो, आनंदानं स्वीकारणार आहात तुम्ही?"

मी म्हणालो, तसं म्हणायची पद्धत असते.

"मग त्याच्याशी खोटं कशाला बोलता? मला नाही आनंद. मला मरायचं नाहीये." तिनं डोळे मिटले नाहीत, हातही जोडले नाहीत. छताकडे बघत म्हणाली, "प्रभू, मला भीती वाटते. पोरीचं अजून सगळं व्हायचंय. तू असं का करतोस, मला कळत नाही. तुझा फार राग येतो." थोडं थांबून तिनं मला सांगितलं, "आता तुम्ही."

जे मनात होतं ते तिच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं. पण ती वाट बघत होती.

"प्रभू, मी दमलोय," मी म्हणालो. "ही बरी व्हावी असं मी मागतो, पण कधी कधी वाटतं, एकदाचं संपावं. मला माफ कर."

बोललो आणि खाली बघत राहिलो. कप अजून हातातच होते. तिला काय वाटलं असेल या विचारानं माझे कान तापले. तिनं माझं मनगट धरलं. हातात जोर उरला नव्हता.

"मलाही वाटतं तसं," ती म्हणाली. मग आम्ही दोघंही रडलो. तिच्या आजारात एकत्र असे पहिल्यांदाच.

त्यानंतर ती अठरा दिवस होती. रोज आम्ही थोडं थोडं बोलायचो, देवाशी आणि एकमेकांशी. तिच्या वेदना कमी झाल्या नाहीत. शेवटी ती मुलीलाही ओळखत नव्हती.

मूठमाती देऊन आल्यावर मुलीनं विचारलं, "पप्पा, देवानं ऐकलं नाही ना?"

ऐकलं असेल, पण दिलं नाही, मी म्हणालो. का, ते मला माहीत नाही.

पुढे तिनं चर्चला येणं सोडलं आणि मी जबरदस्ती केली नाही. लग्न होऊन ती पुण्याला गेली, तरी तसंच आहे. मी जातो, मागच्या बाकावर बसतो. दोनतीनदा मी नको म्हणालो, तेव्हापासून प्रार्थना चालवायला कुणी सांगत नाही. मनातल्या मनात मुलीसाठी मागतो, आणि मला तुझा अजून राग येतो, हेही प्रभूला सांगतो.