हातापुढे हार मानणारं यंत्र

विमानं ठेवायच्या हँगरमधले लोक तिला क्लचबाई म्हणत, आणि तिच्या तोंडावर म्हणत. चिडवायला म्हणून ठेवलेलं हे नाव तिने इतक्या खुशीत स्वीकारलं की चिडवणाऱ्यांची सगळी मजाच गेली. पुढे पुढे तर फोन वाजला की तीच ‘क्लचबाई बोलतेय’ म्हणायची.

विमानातलं ऑटोपायलट दुरुस्त करणं हे तिचं काम. बाहेरच्या लोकांना वाटतं, ऑटोपायलट म्हणजे वैमानिकाने पेपर वाचत बसायची सोय. तसं काही नसतं. छोट्या विमानात वैमानिकाच्या पुढ्यातल्या दांड्यापासून शेपटीकडच्या पात्यापर्यंत पोलादी दोर गेलेले असतात. दांडा ओढला की पातं वर आणि विमानाचं नाकही वर. ऑटोपायलटची मोटर त्याच दोराला मागून धरते. नाक जरा खाली झुकलंय असं आतल्या यंत्राने कळवलं की ती दोर ओढते, वर गेलंय म्हटलं की सोडते. दिवसभर ओढ-सोड करूनही तिला कंटाळा येत नाही. म्हणजे दोर एक आणि ओढणारे दोन. आता मोटरच हट्टाला पेटली तर? तर बटण दाबून ती बंद करायची. बटणही चाललं नाही तर? या शेवटच्या ‘तर’साठी मोटर आणि दोर यांच्यामध्ये एक क्लच असतो. माणसाने ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढलं की तो घसरतो. मोटर आपली गरगरत राहते आणि दोर माणसाच्या ताब्यात येतो. क्लच ढिला ठेवला तर साध्या वाऱ्यातही घसरणार, फार आवळला तर माणसापुढेही नमणार नाही. हा मधला जोर साधण्यात बाईचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पण नुसत्या मोजणीवर तिचं समाधान होत नसे. क्लच विमानात बसला की ती स्टोअरमधल्या काडीला बोलावणं पाठवायची. काडी म्हणजे तिथली कारकून. ही मुलगी पंख्याखाली बसायची तर टेबलाला धरून बसायची, असं पोरं म्हणत. काडी वैमानिकाच्या खुर्चीत बसणार, ऑटोपायलट चालू करणार आणि त्याच्याविरुद्ध दांडा ओढणार. काडीच्याने तो आला तरच बाईची सही. हँगरमधला सगळ्यात दांडगा मेकॅनिक, ज्याला पैलवान म्हणत, तो एकदा रुसून म्हणाला की बाईंचा माझ्यावर विश्वास नाही. त्यावर बाईने त्याला ऐकवलं की तू ओढलास तर दांडा काय, शेपटीसुद्धा हातात येईल, त्यावरून मला काय कळायचं?

हा काडीचा नियम मात्र जुना नव्हता. बाईची सून त्याच कंपनीत वैमानिक म्हणून लागली, त्या आठवड्यापासूनचा. सून टपालाचं आणि औषधांच्या पार्सलांचं छोटं विमान न्यायची. विमानात एकटीच. अंगाने काडीच्याच मापाची. मुलाने तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा बाईने चेहऱ्याच्या आधी तिची मनगटं पाहिली होती. ते तिच्या नवऱ्याच्या नजरेतून सुटलं नाही. तो शिंपी, त्याचं सगळं आयुष्य मापं घेण्यात गेलेलं. सून बघतेयस की क्लच बसवायला माणूस शोधतेयस, असं त्याने नंतर विचारलंही.

मुलगा बोटीवर नोकरीला, महिनोन्‌महिने बाहेर. त्यामुळे घरात माणसं तीन. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि शिंपी, मागे स्वयंपाकघर, वरच्या खोलीत सून. सासू-सुनेत भांडण नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या. ‘जेवलीस का’ आणि ‘येते मी’ यावर दोघींचं भागत होतं. काडीला आपल्यासाठी खुर्चीत बसवतात, हे सुनेला कोणी सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी बोलून दाखवायच्या असतात हे सासूच्या गावीही नव्हतं.

तर एका सकाळी तक्रार आली की टपालाच्या विमानाचं ऑटोपायलट वाऱ्यात उंची धरत नाही. बाईने उघडून पाहिलं, क्लच झिजून ढिला झाला होता. तिने तो नीट करून आवळला, काटा लावून जोर मोजला आणि मोटर पुन्हा विमानात बसवली. काडी नेमकी बहिणीच्या बाळंतपणासाठी रजेवर होती. पार्सलं चढवून झाली होती, सून कागद हातात घेऊन उभी होती. समोर होता पैलवान. त्याला काय, तो निमित्तच शोधत होता. चटकन खुर्चीत बसला, दांडा ओढला आणि म्हणाला, “सहज येतोय, बाई.”

बाईने सही केली. विमान गेलं. सकाळची पाळी संपल्यावर बाई घरी आली.

घरी येऊन हातपाय धुवायला गेली तर न्हाणीघरातला नळ उघडेना. नळ बंद करायचा म्हणजे त्याचा गळा आवळायचा, अशी शिंप्याची पद्धत होती. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, मग चिडून नवऱ्याला हाक मारली. तो गळ्यातल्या मापाच्या फितीसकट आला आणि दोन बोटांनी नळ फिरवून म्हणाला, “सहज तर उघडतोय.”

बाई पाण्याकडे बघत उभीच राहिली. पैलवानासाठी कुठली गोष्ट सहज नव्हती? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी शंका आली, जास्त वाईट. जोर मोजण्याआधी काटा शून्यावर आणला होता का? दर वेळी आणायची, हात आपोआप जायचा. पण त्याच वेळी पैलवानाने पार्सलं चढली म्हणून हाक मारली होती आणि तिने मान वळवली होती. त्यानंतरचं काही केल्या आठवेना. काटा शून्याच्या मागे असेल तर क्लच दिसला त्याहून घट्ट बसला असणार. बटण आहे, फ्यूज आहे, मोटर हट्टाला पेटणं तर क्वचितच, हे सगळं ती स्वतःला समजावत होती आणि नळ तसाच वाहत होता.

तिने वर्कशॉपच्या साहेबांना फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, “खात्री आहे तुमची?”

“नाही. खात्री नाही म्हणूनच फोन केला.”

साध्या स्क्रूसाठी तीन सह्या मागणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्याने पुढे एक शब्द विचारला नाही. वायरलेसवरून सुनेला निरोप गेला की बाईंना क्लचची शंका आहे, ऑटोपायलट वापरू नकोस. थोड्या वेळाने साहेबांचा उलटा फोन आला. सुनेने ऑटोपायलट बंद केलं होतं. पार्सलं पोचवून परतही हातानेच चालवत येते, असं तिने कळवलं होतं.

म्हणजे धोका टळला होता. पण बाईला घरात बसवेना. आभाळात हिसके देणारा वारा होता आणि अशा वाऱ्यात हाताने विमान न्यायचं म्हणजे क्षणभर उसंत नाही. नाक खाली गेलं ओढा, वर गेलं सोडा, डावीकडे कललं सावरा. मोटरने करायचं सगळं काम आता त्या बारक्या मनगटांना करायचं होतं, आणि तेही आपल्या विसरभोळेपणामुळे. शिंप्याने शिवण अर्धी टाकून स्कूटर काढली.

हँगरच्या दारात ती किती वेळ उभी होती कोण जाणे. साहेबांनी खुर्ची पाठवली, पैलवानाने चहा आणला. खुर्ची रिकामी राहिली आणि चहावर साय धरली. पैलवान बिचारा पुन्हा पुन्हा सांगत होता की दांडा खरंच सहज आला होता, आणि प्रत्येक वेळी बाईचा चेहरा आणखी उतरत होता. शेवटी ऊन कलतं झालं तेव्हा विमान दिसलं. जरा डोलत, पण सरळ रेषेत आलं आणि अलगद टेकलं.  

सून खाली उतरायच्या आधीच बाई शिडीशी पोचली. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. म्हणाली की तशीच बस, ऑटोपायलट चालू कर आणि ओढ. सुनेने ओढलं. मागे मोटर गरगरली, क्लच घसरला आणि दांडा आला. पुन्हा ओढायला लावलं, पुन्हा आला. बाईने काटा आणला, सगळ्यांदेखत शून्यावर ठेवला, साहेबांनाही बघायला लावला आणि मोटर काढून जोर मोजला. अगदी हवा तिथे. म्हणजे सकाळीही काटा शून्यावरच होता. हाताने आपलं काम केलं होतं, डोक्याने फक्त त्याची नोंद ठेवली नव्हती. बाई तिथेच हत्यारांच्या पेटीवर बसली. हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

साहेब आणि पैलवान हसत हसत निघून गेले. सून मात्र हात चोळत शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “आई, मी निघायच्या आधी ऑटोपायलट चालू करून दांडा ओढून बघितला होता. रोज बघते.”

वैमानिकांनी ते बघायचं असतं हे बाईला ठाऊक होतं. किती जण मनापासून बघतात, हेही ठाऊक होतं.

“मग वायरलेसवर तसं सांगायचंस ना. इतका वेळ हात का मोडून घेतलेस?”

“एक तर निरोप आल्यावर ते बंद करणं भागच होतं. तुम्ही उगाच कळवणाऱ्यातल्या नाही, माझंच चुकलं असेल असंही वाटलं. आणि सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतंत?”

बाईने खरंच विचार केला. “नसतं ऐकलं.”

“मग? निदान हाताने आणतेय म्हटलं तर तुमच्या जिवाला जरा बरं वाटेल.”

  बाईने सुनेचे दोन्ही हात आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि म्हणाली, “मला फार भीती वाटली ग.”

“मला माहीत होतं,” सून म्हणाली, आणि तिने हात तसेच राहू दिले.

बाहेर शिंपी स्कूटरचा हॉर्न वाजवत होता. दोघींपैकी कोणीच उठलं नाही.