सदतीस मतं

लोकसभेच्या फेरमोजणीची बातमी आली तेव्हा आम्ही मोजणी केंद्राबाहेर उभे होतो. फरक सदतीस मतांचा. सदाभाऊ आणि विलास माझे शेजारी, दोघे दोन पक्षांचे.

“हरलं की म्हणे पुन्हा मोजा,” विलास म्हणाला.

“तुझ्या बूथवर मेलेलेही मतं देऊन गेले, विल्या.”

विलासने कॉलर धरली. सदाभाऊंनी त्याचं डोकं लोखंडी खांबावर आपटलं आणि पुन्हा आपटलं. मी मध्ये पडलो तोवर भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं होतं. कॉलर धरलेल्या बोटावर मतदानाची शाई अजून होती.

फरक लाखाचा असता तर दोघे चहा पिऊन घरी गेले असते. लाखाला चेहरा नसतो. सदतीस म्हणजे आमच्या एका जिन्यातली माणसं. त्यांतला चोर कोण, हे प्रत्येकाला ठाऊक असल्यासारखं वाटतं.

दवाखान्यात विलासचं डोकं सदाभाऊंनीच धरून ठेवलं. डोळा बोटभर अंतराने वाचला होता.

“सहा टाके,” सदाभाऊ हळूच म्हणाले.

“सात,” विलास म्हणाला. “पुन्हा मोजा.”

सदाभाऊंनी मोजले. सातच होते.