पंचफुलामावशीनं कोर्टाला पत्रा मागितला

पंचफुलामावशी डोक्यावर फुटका पत्रा घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढायली अन् मी मागून तिचा पदर ओढायले.

"मावशी, उतरीव ते. लोक हसायलेत."

तिनं मागं बघितलं बी न्हाई. सिमेंटच्या पत्र्याचा तुकडा होता, परातीएवढा. दारातला शिपाई आडवा आला.

"ओ बाई, हे काय आणलं?"

"पत्रा. भाडं तुमी घेता ना? मग पत्रा बी तुमीच टाका."

सगळा व्हरांडा हसला. मावशी न्हाई हसली. ती चेष्टा करायला आलीच नव्हती.

हे सत्त्याऐंशीचं. आदल्या दिवशी जिंतूरला गारा पडल्या, लिंबाएवढ्या. मावशीच्या पिठाच्या गिरणीचा पत्रा फुटला, तो बी नेमका जात्याच्या वरचा. लोकांच्या ज्वारीच्या डब्यात पाणी गेलं. तिनं सकाळी सगळी ज्वारी गोणपाटाच्या चवाळ्यावर वाळत घातली, ज्याची त्याची येगळी. एकाच्या दाण्यात दुसऱ्याचा दाणा जाऊ दिला न्हाई. तशी बाई ती.

सख्खी मावशी न्हाई माझी. आमच्या समाजातली. गिरणीच्या शेजारी माझ्या मायचं भाजीचं दुकान, आठवीत शाळा सोडली तवापासून मी तितंच बसते. मनून जे सांगते ते डोळ्यानं बघितलेलं सांगते.

अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत तिचं गावाकडचं घर जाळलं. नवरा आधीच मेलेला. दोन लेकरं घेऊन जिंतूरला आली अन् चार महिने लोकाच्या ओट्यावर राहिली. तवा दत्तरावनं तिला गाळा दिला. दत्तराव मंजी मोठे शेतीवाले, वजनदार माणूस. त्यांच्यातलेच लोक त्यांना म्हणले, "पाटील, तिच्या हातचं पीठ खाणार कोण?" दत्तराव म्हणले, "मी. पयला डबा माझ्या घरचा." अन् खरंच पयला डबा त्यांच्याच घरचा आला.

कागद झाला अकरा महिन्यांचा. त्यात भाडं असं लिहिलंच नव्हतं, लायसन्स फी लिहिलं होतं. मावशीला वाचता येत न्हाई. दत्तरावनं वाचून दाखवलं अन् म्हणले, "हे कागद सरकारसाठी. माझी जबान ऐक. जवर चक्की फिरवशील तवर गाळा तुझा. मोडतोड झाली तर तूच नीट कर अन् भाड्यात वळती कर." तशीच रीत पडली. दार सडलं, तिनं नवं बसवलं, त्या महिन्याला तेवढे कमी दिले. दत्तराव मोजत बी नव्हते.

पंच्याऐंशीला दत्तराव गेले. त्यांचा लेक भगवानराव. त्याला एक कापडवाला तिप्पट द्यायला तयार झाला होता. त्यानं दावा टाकला. बाईचं लायसन्स कवाच संपलं, गाळा खाली करा, अन् संपल्यापासून महिना तीनशेनं फी भरा. मावशी म्हणे, एकशेवीस ठरलेत अन् गाळा मला जबानीवर दिलाय.

जजसायेबानं दोघांचं ऐकून मधला हुकूम काढला. फैसला होईस्तवर बाईनं महिन्याला दीडशे भरायचे, दहा तारखेच्या आत, कोर्टात. मालकाच्या हातात न्हाई. चुकलं तर बाईचा जबाब काढून टाकू. वकिलानं उलगडून सांगितलं, "मंजी तुमचं म्हणणं ऐकणारच न्हाईत. साक्षीदार बी न्हाई."

मावशी दहा तारखेची वाटच बघत नव्हती, पाचलाच जायची. तेरा महिने. पैसे घ्यायला रंगनाथ नाझर बसायचा, चष्मा कपाळावर, बोलायला तुसडा. तो पावती फाडायचा, मावशी ती चोळीत ठेवायची.

अन् साक्षीदार तर असा होता की आमी केस जिंकलीच होती. दत्तरावची बायको, रुख्मिणीकाकू. म्हातारी एक दिवस गिरणीत आली अन् म्हणली, "फुला, माझ्या देखत बोललेत ते. मी कोर्टात सांगते." सख्ख्या लेकाच्या विरोधात! मी तर म्हातारीच्या पायाच पडले.

आता गारांचं. मावशी आधी भगवानरावकडं गेली. तो झोपाळ्यावर बसून म्हणला, "माझ्याकडं कामून आलीस? पैसे कोर्टाला देतीस, पत्रा कोर्टाला माग."

तो टोमणा होता. मावशीला तो पत्ता वाटला.

मनून ती पत्रा घेऊन कोर्टात गेली. तितं रंगनाथनं पत्र्याकडं बघितलं, मावशीकडं बघितलं. "बाई, कोर्ट मालक न्हाई. कोर्ट पैसे नुसते सांभाळायलंय."

"मग मालक कोण?"

"भगवानराव."

"ते म्हणतेत कोर्टाला माग."

"अवो बाई, अर्ज करा वकिलाकडून."

"तवर लोकाच्या डब्यात पाणी पडू द्यायचं का?"

मावशीनं पत्रा उचलला अन् घरी आणला. तिसऱ्या दिवशी तिनंच नवा पत्रा बसवला. पत्रा, आणायचं गाडीभाडं अन् मिस्तरी, सगळे मिळून नव्वद रुपये. पाच तारखेला ती कोर्टात गेली अन् दीडशेतले साठ भरले. सोबत पत्र्याची पावती टाचली.

मी विचारलं, "नव्वद कमी न्हाई का भरले?"

"कमी कसे? वळती केले."

मला बी ते बराबरच वाटलं. आजबी सांगते, बराबरच वाटलं. पत्रा त्याच्या गाळ्याला लागला, तिच्या घराला न्हाई.

जूनमधी तारीख होती. रुख्मिणीकाकू ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती, हातात पिशवी, पिशवीत दत्तरावचा फोटो. कशाला आणला कोणास ठाऊक. मी तिला धरून बाकड्यावर बसवलं. पुकारा झाला. जजसायेब कागद बघून काहीतरी बोलले, लय हळू. भगवानरावचा वकील खाली बसला. आमचा वकील उभाच राहिला, हात लोंबकळत.

मी म्हणले, "काय झालं?"

"जबाब काढून टाकला."

"मंजी?"

"मंजी संपलं. आता आपलं काहीच ऐकणार न्हाईत."

मला वाटलं होतं आता आमची पाळी येईल. आमी तर अजून तोंडच उघडलं नव्हतं! दोन वर्सं झाली, अन् एक शब्द बी न बोलता आमी हरलो?

तेवढ्यात रुख्मिणीकाकू उठली. "सायेब, मला बोलायचंय."

जजसायेब माणूस वाईट नव्हते. ते म्हणले, "आजी, बसा. आता त्यांच्या बाजूनं साक्ष घेता येत न्हाई."

"घेता येत न्हाई कामून? मी जित्ती हाय की."

भगवानराव जमिनीकडं बघायला लागला. म्हातारीला कळंना की आपण उभी असून आपलं कोणी कामून ऐकत न्हाई. मी तिला बसवलं.

बाहेर आल्यावर वकील मावशीवर वरडला. "पंधरा दिवसाची मुदत मागून घेतली होती तुमच्यासाठी! उरलेले नव्वद भरा मनून घसा कोरडा केला मी!"

मी तोंड वासून मावशीकडं बघितलं. मुदत? हे तिनं आमच्यात कोणालाच सांगितलं नव्हतं. नव्वद रुपये तर मी आमच्या गल्ल्यातून दिले असते, मायच्या शिव्या खाऊन दिले असते.

"मावशी, खरं हाय का हे?"

"कशाचे नव्वद? ते पत्र्याचे झाले."

वकिलानं कपाळाला हात लावला. मला वाटलं, तिला कळलंच न्हाई. अडाणी बाई, कोर्टाची भाषा, कोण समजावून सांगणार? सगळा राग मी रंगनाथवर काढला. पैसे घेताना ह्याच्या तोंडाला काय झालं होतं? साठ मोजून घेतले अन् गुमान पावती फाडली! तो बाजारात दिसला की मी भर गर्दीत त्याला ऐकवायची, "आला बगा, गरिबाचा गाळा खाणारा." तो मान खाली घालून दुसऱ्या दुकानाकडं जायचा. आमच्याकडची भाजी त्यानं कवा घेतली न्हाई.

फैसला एकतर्फी झाला. दिवाळीच्या आत गिरणी उचलावी लागली. जातं काढताना मिस्तरीनं विचारलं, "पत्रा बी काढू का? तुमचाच हाय." मावशी म्हणली, "राहू दे. गाळ्याचा हाय तो." ती वालूरला लेकीकडं गेली. तितं दुसऱ्याच्या गिरणीत दळायला बसते. रुख्मिणीकाकू पुढं दोन वर्सं जगली, पण लेकाच्या हातचं पाणी प्याली न्हाई असं त्यांच्या घरची बाई सांगायची.

मी सगळ्यांना एकच सांगत राहिले, मावशीला कळलं न्हाई अन् नाझरानं सांगितलं न्हाई.

चौऱ्याण्णवला नामांतर झालं. त्या आठवड्यात आमी दुकानावर पेढे वाटायलो. रंगनाथ आला. रिटायर झालेला, काठी घेऊन. मी पेढा पुढं केला न्हाई. त्यानं सोताच उचलला.

"पोरी, सात वर्सं शिव्या खाल्ल्या तुझ्या. आज ऐक."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मावशी कोर्टात गेली होती. एकटीच. रंगनाथनं आपल्या खिशातले नव्वद टेबलावर ठेवले अन् म्हणला, तुमच्या नावानं भरतो, जमेल तवा द्या. मावशीनं विचारलं, "हे भरले तर कागदावर काय लिव्हणार?" तो म्हणला, बाईनं कमी भरले होते, आता पुरे केले. अन् न भरले तर काय व्हईल ते त्यानं तिला दोनदा सांगितलं, म्हातारीची साक्ष जाईल, गाळा जाईल.

मावशी म्हणली, "समजलं मला, सायेब. पण कमी भरले होते असं लिव्हलं तर दत्तरावची जबान मीच खोटी केल्यावानी व्हईल." अन् नव्वद रुपये उचलून तिनं त्याच्या हातात परत ठेवले.