सिल्लोडची गळाभेट

अत्तराचा वास आला की सिल्लोडची ती ईद आठवते. भावकीच्या भांडणात धमक्या यायच्या, म्हणून परवाना काढून मी सदऱ्याखाली कमरेला रिव्हॉल्वर लावायचो. पाठ कायम भिंतीला, उजवं कोपर कमरेवर; चारचौघांत बसायचाही शीण यायचा. त्या दिवशी शाळेपासूनचा दोस्त त्याच्या घराच्या दारातच हात पसरून गळाभेटीला आला आणि मी झटकन मागं सरलो. त्याचे हात तसेच राहिले. “आता आम्हीबी नकोसे झालो व्हय रे?” सणाच्या घरात भरलेलं रिव्हॉल्वर घेऊन आलोय, हे कुठल्या तोंडानं सांगणार? शीरखुर्मा कसाबसा गिळून निघालो. पुढच्या ईदला त्याचं बोलावणं आलं नाही. रिव्हॉल्वर केव्हाच ठाण्यात जमा केलं. पण कुणी मिठी मारायला आलं की कोपर अजूनही आधी कमरेवर जातं.